पाराहून उंच सीट

लहान घ्यावं का मोठं? हा एकच प्रश्न ऐकत मी उभं आयुष्य काढलं. परभणीत एका ट्रॅक्टरच्या शोरूमात मी डेमोचा माणूस होतो. डेमोचा माणूस म्हणजे ट्रॅक्टर शेतावर नेऊन चालवून दाखवणारा, गिऱ्हाइकाच्या शंका फेडणारा, विकलं की घरपोच करणारा, आणि पुढं फुकटच्या सर्व्हिसिंगला हातात पाना घेऊन पुन्हा त्याच दारात उभा राहणारा. पाटीवर नाव शेठचं, गल्ला शेठचा. शिव्या तेवढ्या माझ्या वाट्याच्या.

निवृत्त झालो तरी सुटका नाही. परवा एका लग्नात पंगतीला बसलो होतो, तर शेजारचा गृहस्थ भात कालवता कालवता विचारतो, घरच्या कामाला कोणतं बरं? मी म्हणालो, जेवा आधी. खरं उत्तर द्यायला लागलो असतो तर दोघांचंही जेवण कडू झालं असतं. आता दिवाळी अंकासाठी लिहाच म्हणून आग्रह झालाय, तर एकदाच काय ते सांगून मोकळा होतो. फराळाचं ताट पुढ्यात घेऊन वाचणार असाल तर आधी ते उरकून घ्या.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ट्रॅक्टर म्हणजे नांगरट. अहो, नांगरट वर्षाकाठी किती दिवस चालते? बाकीचं सगळं वर्ष ट्रॅक्टर घराभोवतीच राबतं. उकिरड्याचं खत शेतात टाका, शेतातला कडबा घरी आणा, कडबाकुट्टीला पट्टा लावा, मळणी करा, बाजाराला माल न्या, उन्हाळ्यात पाण्याची टाकी ओढा, आणि लगीनसराईत वऱ्हाड भरा. म्हणून मी गिऱ्हाइकाच्या शेतावर नंतर जायचो, आधी घरी जायचो. खिशात टेप असायचा. बोळ किती रुंद, दारात वळायला जागा किती, कमानीची उंची किती, पावसाळ्यात ट्रॅक्टर कुठं उभं राहणार, हे बघायचो. मग घरातल्या बाईला विचारायचो की ताई, ह्याच्याकडून काय काय काम करून घेणार? बाप्या सांगतो ती त्याची हौस असते. काम बाईच सांगते. सगळ्यांना माझं एकच सांगणं असायचं की हौस शेताच्या मापानं करा, ट्रॅक्टर घराच्या मापानं घ्या.

त्यातलं गणित काही अवघड नाही. मोठं म्हणजे पस्तीस घोड्यांच्या, हॉर्सपॉवरच्या, पुढचं. अंगानं जड, काळ्या रानात खोल जातं, हराळी मुळासकट उपटून काढतं, भरली ट्रॉली चढावर ओढून नेतं. पण त्याला वळायला ऐसपैस जागा लागते आणि डिझेल पाण्यासारखं पितं. लहान म्हणजे अठरा, वीस, फार तर पंचवीस घोडे. बोळात शिरतं, अंगणात वळतं, कुट्टी फिरवतं, थोडक्यात भागवतं. पण काळ्या रानात खोल नांगर लावला की तोंड वर करतं, आणि ट्रॉली अर्धीच भरावी लागते. ज्याचं रान मोठं त्यानं मोठं घ्यावं, ज्याचं घरकाम जास्त त्यानं लहान घ्यावं. एवढं साधं आहे. आमच्याकडं हे एवढं साधं कुणालाच पटत नाही.

सोनपेठकडच्या एका गावात माणिकराव म्हणून एक बागाईतदार होते. त्यांच्या दाराची कमान मी मोजली, बोळ मोजला आणि हात जोडून सांगितलं की मोठं आत येणार नाही. ते म्हणाले, भाऊबंदाकडं मोठं आहे आणि माझ्याकडं लहान, मग मी मिशा कशाला ठेवल्या? घेतलं मोठं. आलं दारात आणि अडकलं कमानीत. मागं पुढं करता करता माणिकरावांनी रागानं कमान पाडायला लावली. कमान पडली तरी आत वळेना, तेव्हा अंगणातली लिंबोणी तोडली. मग एकदाचं ते आत जाऊन बसलं, ते तिथंच. बाहेर काढायचं म्हटलं की सगळ्या आळीनं दारातली बाजली उचलायची. त्यांची बायको मला म्हणायची, 'भाऊ, हे ट्रॅक्टर न्हाई, घरजावई हाय.' लय हसलो होतो आम्ही. आता हसू येत नाही. माणिकरावांनी हौसेपायी स्वतःची कमान पाडली आणि त्यांना कुणी काही म्हणालं नाही. मोठं घ्यायचा हक्क त्यांना होता, त्यांची अक्कल कुणी काढली नाही.

ज्याची अक्कल सगळ्यांनी काढली, तो केरबा. माझी सगळी नोकरी एका पारड्यात घातली तरी केरबाचं ट्रॅक्टर जड भरेल.

नामांतराच्या दंगलीनंतरचा हिवाळा होता. एक दिवस शोरूमात खाकी कोट घातलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस आला. रेल्वेच्या गँगमध्ये आयुष्यभर रुळांवर काम करून नुकताच मोकळा झालेला. सोबत बायको, गयाबाई. दोघं दाराच्या आत येऊन उभी राहिली, बसा म्हटल्यावरही बसली नाहीत. त्यांचं गाव पेडगावच्या पलीकडं, सडकेपासून आत. गावाचं नाव मी सांगत नाही, त्या गावाला आता चांगलं नाव आहे म्हणे. केरबानं ट्रॅक्टरांवरून हात फिरवला. मी आपला नेहमीचा प्रश्न गयाबाईला केला, की ताई, घरी काय काय काम आहे?

ती म्हणाली, 'इटा आणायच्यात. पाणी आणायचंय. जळालेली घरं उभी करायचीत.'

दंगलीत त्यांच्या बौद्धवाड्यातली अख्खी ओळ जळाली होती. माणसं कशीबशी निभावली, पण घरं गेली. त्यानंतर गावानं बौद्धवाड्याला बैलगाड्या देणं बंद केलं. भाड्यानंही नाही. ट्रॅक्टरवाले तर बोलायलाच तयार नव्हते. वीटभट्टी सडकेला, पाणी लांबच्या विहिरीचं, आणि माणसं पाचटाच्या आडोशाला दिवस काढत होती. केरबाला रेल्वेचे पैसे मिळाले होते. दुसरा असता तर आपल्यापुरतं घर बांधून गप्प बसला असता. ह्यानं ठरवलं की ट्रॅक्टर घ्यायचं, म्हणजे सगळ्या ओळीच्या विटा येतील आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत सगळी घरं उभी राहतील.

मी टेप घेऊन गेलो. बौद्धवाड्यात जायला दोन वाटा. एक वेशीतून. दगडी वेस, आत शिरलं की उजव्या हाताला मारुती, त्याच्यापुढं पार, आणि तिथून रुंद रस्ता सरळ खाली बौद्धवाड्यात उतरतो. दुसरी वाट गावाला वळसा घालून नाल्याच्या काठानं जाते. दोन्ही अंगाला बाभळी, अरुंद, आणि थोडा ओलावा झाला की काळ्या मातीचा राडा. नाल्याच्या वाटेनं मोठं ट्रॅक्टर जाणं शक्य नव्हतं. लहान जात होतं. केरबाचं रानही बेताचंच. सगळ्या मापांनी उत्तर एकच येत होतं, आणि मी ते त्याला सांगितलं. केरबाजी, लहान घ्या.

तो नाल्याच्या वाटेवर चार पावलं चालून परत आला. मग म्हणाला, 'साहेब, मला नाल्यानं जायाचं असतं तर मी गाढवं घेतली असती. लहान घेतलं तर समदे मनतील, जा की तिकडून. मोठं घेतलं तर दुसरी वाटच न्हाई. मंग अडवणाराला बी इचार करावा लागंल.'

मी ह्या धंद्यात ट्रॅक्टर घेण्याची नाना कारणं ऐकली. भावावर जळून घेतलेलं, सासऱ्याला दाखवायला घेतलेलं, निवडणुकीला उभं राहायचं म्हणून घेतलेलं. पण आत जायला एकच रस्ता उरावा म्हणून मोठं घेणारा हा पहिला आणि शेवटचा.

इकडं शोरूमात दुसरंच शिजत होतं. त्या गावचे आबासाहेब आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांचं मोठं ट्रॅक्टर मीच पोचवलं होतं, त्यांच्या घरी जेवलोही होतो. माणूस बोलायला गोड. ते फिल्टर घ्यायचं निमित्त करून आले आणि शेठला म्हणाले, आमच्या केरबाला लहान द्या, गरीब माणूस आहे, उगीच मोठ्याच्या नादाला लावू नका. शेठनं मला आत बोलावून सांगितलं की पांडुरंगा, लहानच गळ्यात घाल त्याच्या. माझं डोकंच फिरलं. मी सांगत होतो तेच हे लोक सांगत होते, शब्दाला शब्द तोच, आणि तरी ऐकताना अंगाची लाही होत होती. मी म्हणालो, गिऱ्हाईक मोठं मागतंय, लहान विकायला मी कोण? शेठ धंदेवाला माणूस. मोठ्यात त्याला जास्त सुटायचं, म्हणून तो गप्प बसला.

आता डिलिव्हरीचा आमच्याकडचा दस्तूर सांगतो. शोरूमापासून गावापर्यंत ट्रॅक्टर मी चालवायचं, मालक मडगार्डवर बसायचा. वेशीतून आत शिरून मारुतीपुढं थांबायचं. हार, कुंकू, नारळ. तिथं मी खाली उतरायचं आणि मालकानं पहिल्यांदा सीटवर बसायचं. मारुतीपासून घरापर्यंत मालक स्वतः चालवत नेणार. बायका दारादारात उभ्या राहून बघणार. ट्रॅक्टर खरं मालकाचं होतं ते त्या तेवढ्या रस्त्यावर. मी कितीतरी म्हातारे त्या रस्त्यावर पोरांसारखे लाजताना बघितलेत.

केरबाचं ट्रॅक्टर घेऊन आम्ही निघालो. केरबानं नवा पटका बांधला होता. मागं ट्रॉलीत गयाबाई आणि बौद्धवाड्यातली चार बायामाणसं. सडक सोडून गावाकडं वळलो आणि लांबूनच दिसलं की वेशीत बैलगाड्या आडव्या लावल्यात. बैल सोडलेले, जुवं जमिनीला टेकलेली. कुणी ओरडत नव्हतं, कुणाच्या हातात काठी नव्हती. माणसं पारावर बसून तंबाखू मळत होती. दंगल बघितलेल्या माणसाला ती शांतता जास्त भिववते.

मी उतरून आत गेलो. आमचं घर मेंढरंवाल्यांचं, माझा बाप सगळी हयात गावाबाहेर मेंढरांभोवती वाघूर, म्हणजे जाळं, लावून राहिला, पण कुठल्या वेशीत आम्हाला कुणी अडवलं नव्हतं. मला गाड्यांच्या फटीतून आत जाऊ दिलं. आबासाहेबांनी बसायला जागा करून दिली, पाणी दिलं. मी म्हणालो, आबासाहेब, गाड्या काढा, डिलिव्हरी आहे.

ते शांतपणे म्हणाले, 'पांडुरंगा, चालत जायाला केरबाला कुणी अडवलंय का? रोज जातोय की. ट्रॅक्टरची सीट पाराहून उंच हाय. हितं वडीलधारी मानसं बसत्यात. त्यांच्या डोक्यावरून हा बसून जानार, हे बरं दिसंल का? तूच त्याला घराच्या मापानं घ्यायला सांगितलं व्हतं म्हनं. आयकलं न्हाई त्यानं.'

माझंच वाक्य त्या माणसानं माझ्या तोंडावर मारलं. कॅटलॉगात सीटची उंची छापलेली असते हो. इतकी वर्षं मी कॅटलॉग वाटले, घोडे सांगितले, वजन सांगितलं, वळण सांगितलं. सीटची उंची कुणी विचारली नाही आणि मीही कधी वाचली नाही. आमच्या मुलखात ट्रॅक्टरचं सगळ्यात महत्त्वाचं माप तेच आहे, हे मला त्या दिवशी पारावर बसून कळलं.

केरबानं ठाण्यात जाऊन तक्रार दिली. जमादार आला, पारावर चहा प्याला आणि केरबाला म्हणाला, चालत जायला रस्ता मोकळा आहे ना, मग कशाला वाढवतोस? जमादार गेला. गाड्या तशाच राहिल्या. केरबानं ट्रॅक्टर वेशीबाहेर चिंचेखाली लावलं. मारुतीपुढं घालायचा हार त्यानं स्वतःच गुंडाळून ट्रॉलीत ठेवला. घरी न्यायचा तो रस्ता राहिलाच.

पहिल्या सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा कामाची रीत बसली होती. केरबा भट्टीवरून विटा आणायचा, चिंचेखाली उतरवायचा, आणि तिथून बायाबापड्या डोक्यावर घेऊन वेशीतून, पारापुढून, खाली बौद्धवाड्यात. विटा डोक्यावरून गेल्या तर कुणाची हरकत नव्हती. पारावरची माणसं वाट मोकळी करून द्यायची, एखादा तर पडलेली वीट उचलून पाटीत ठेवायचा. त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. भट्टीपासून वेशीपर्यंत ट्रॅक्टर फुरफुरत यायचं आणि पुढची सगळी ओझी माणसांच्या मानेवर. मी तेल बदलत होतो आणि गयाबाई पाटी घेऊन जाता येता माझ्याकडं बघत होती. भिंती अजून खिडकीलाही लागल्या नव्हत्या.

मग उन्हाळा आला आणि गावाच्या विहिरीनं तळ दाखवला. तालुक्याहून पाण्याची टाकी मिळाली, पण नुसती टाकी, चाकांवरची. ओढायला ट्रॅक्टर गावानं द्यायचं. टाकी मोठी, वेशीचा चढ अवघड, लहानाचं काम नव्हतं. गावात मोठं ट्रॅक्टर होतं ते आबासाहेबांचं, आणि ते भाड्यानं बाहेरगावी गेलेलं. कमाई सोडून गावाला पाणी कोण पाजणार? मग सगळ्यांना चिंचेखाली उभं असलेलं ट्रॅक्टर दिसलं. केरबाच्या मोठ्या ट्रॅक्टरचा आता मोठेपणा आठवला.

दुसऱ्या सर्व्हिसिंगला गेलो तर बघतो काय, वेस मोकळी, आणि केरबाचं ट्रॅक्टर टाकी ओढत चढ चढून आत चाललंय. वाटलं, जिंकला गडी. मग सीटवर बघितलं तर आबासाहेबांचा पुतण्या, दिगंबर. केरबा कुठं दिसेना. दिसला तो नाल्याच्या बाभळींतून. ट्रॅक्टर वेशीतून चाललं होतं आणि मालक नाल्याच्या वाटेनं पायी.

मी त्याला गाठून विचारलं की हे काय, केरबाजी, हे कबूल केलंत तुम्ही? तो घाम पुसत म्हणाला की आपल्याच ट्रॅक्टरमागं वेशीतून पायी चालवत नाही म्हणून इकडून येतो, पण टाकी आधी गावाचा हौद भरते आणि उरलेलं पाणी घेऊन खाली बौद्धवाड्यापर्यंत जाते. बायका नाल्यातल्या झिऱ्याचं पाणी वाटीवाटीनं भरत होत्या, ते थांबलं. सीटवर दिगंबर बसला तर बसू दे. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, 'साहेब, आज ट्रॅक्टर चाललंय. रोज चाललं की लोकायच्या डोळ्याला सवय व्हईल. मंग सीटवर कोन हाय ते बी कोन बघतंय?'

एवढा पोक्त माणूस, आणि एवढी आशा. मला त्याचा राग आला, खरं सांगतो. त्यापेक्षा त्यानं दिगंबरच्या कानाखाली काढली असती तर मला बरं वाटलं असतं. पण पाणी माझ्या घरचं आटलं नव्हतं, त्यामुळं मला शौर्य सुचत होतं.

दिगंबरला चालवायची अक्कल नव्हती. चढावर ट्रॅक्टर धरायचं तर ब्रेकवर धरावं. हा क्लच अर्धा दाबून धरायचा, पाय तसाच ठेवायचा. क्लचची प्लेट अशानं घासून जळते, लहान पोराला कळेल असा करपट वास येतो. तो वास मला वेशीबाहेरच आला होता. मी दिगंबरला सांगितलं, तो हसला. दुसऱ्याचं ट्रॅक्टर होतं ना. उन्हाळा सरता सरता क्लच गेला. चालवणाऱ्याच्या चुकीनं गेलेला क्लच गॅरंटीत बसत नाही, आणि गावानंही हात वर केले. केरबानं आपल्या खिशातून नवा क्लच टाकला. तेवढ्यात पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं, टाकी तालुक्याला परत गेली. नवा क्लच बसवून केरबा स्वतः सीटवर बसून वेशीकडं निघाला. गाड्या आडव्या लागलेल्या होत्या. डोळ्याला सवय झाली नव्हती. गाड्या लावायची सवय मात्र मोडली नव्हती.

तो पावसाळा त्या लोकांनी अर्ध्या भिंतींवर पाचट टाकून काढला.

दसऱ्याच्या आधी गयाबाई शोरूमात आली. ह्या वेळी ती पुढं होती आणि केरबा मागं. ती शेठशी बोललीच नाही, सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली. म्हणाली की मोठं परत घ्या आणि लहान द्या. मी केरबाकडं बघितलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता.

मी म्हणालो, ताई, एवढं वर्ष ओढलंत, आता सोडता?

'वझं आमी वढलंय, ट्रॅक्टरनं न्हाई,' ती म्हणाली. 'रस्ता कवा मिळायचा तवा मिळंल. एक पावसाळा गेला, दुसरा मला त्या पाचटाखाली काढायचा न्हाई. ह्यांचं बरोबरच हाय, मी कुटं चूक मनलाव? पन लेकरायला छप्पर पायजे.'

दोघांचंही बरोबर होतं. चूक ज्यांची होती ते पारावर बसून तंबाखू मळत होते. पण बदलायला निघालं ते ट्रॅक्टर.

शेठ खुश. जुनं घेणं, नवं देणं, दोन्हीकडून फायदा. मला पाठीवर थाप मारून म्हणाला, 'पांडुरंगा, शेवटी तुझंच खरं ठरलं बघ. मी सगळ्यांना सांगतो, आमच्या माणसाचं माप चुकत नाही.' धंद्यात मला पुष्कळ शाबासक्या मिळाल्या. ही एक मला अजून उतरवता आलेली नाही. कारण माप खरंच चुकलं नव्हतं. आजही कुणी तसं रान, तसं घर आणि तशा दोन वाटा घेऊन माझ्याकडं आला तर टेप हेच सांगेल. केरबाचं मोठं ट्रॅक्टर महिन्याच्या आत त्याच गावात गेलं. दिगंबरनं घेतलं. नवा क्लच बसवलेलाच होता.

लहान ट्रॅक्टर पोचवायला मीच गेलो. दुसऱ्या कुणाला पाठव म्हणून शेठला म्हणणार होतो, पण किल्ली उचलून निघालो. ह्या वेळी केरबा मडगार्डवर बसला नाही. शोरूमातच सीटवर बसला आणि मला म्हणाला, तुमी बाजूला बसा. दस्तूर सोडून सबंध रस्ता त्यानंच चालवलं. हात बसला होता त्याचा, गिअर बदललेले कळतही नव्हते. गयाबाई गावातच थांबली होती.

गाव जवळ आलं. वेस मोकळी होती. नुसती मोकळी नाही, झाडून काढलेली. आडव्या गाड्या कडेला नेऊन लावलेल्या. पारावर माणसं जमलेली आणि मारुतीपुढं ताटात नारळ, कुंकू, हार तयार. आबासाहेब स्वतः वेशीपर्यंत सामोरे आले, ट्रॅक्टर थांबवायला हात केला, आणि हसत हसत मला म्हणाले, 'आमची कायबी तकरार न्हाई आता. ह्याची सीट पाराच्या खाली ऱ्हाती. आत घिऊन ये, नारळ फोड, आन जाऊ दे त्याला घरापर्यंत बसून.'

त्यांना खरोखर वाटत होतं की आपण मन मोठं केलं. तोंडावर समाधान होतं त्यांच्या. पारावरचे म्हातारेही माना डोलवत होते. नारळ मला फोडायला सांगत होते, ट्रॅक्टर मला आणायला सांगत होते. सीटवर कोण बसलंय, हे अजूनही कुणी बघत नव्हतं.

केरबानं इंजिन बंद केलं नव्हतं. त्यानं एकदा वेशीतून आत, पारापासून खाली उतरणाऱ्या त्या रुंद रस्त्याकडं बघितलं. रस्त्याच्या टोकाला गयाबाई आणि बौद्धवाड्यातली माणसं उभी होती. मग त्यानं गिअर टाकला आणि स्टिअरिंग डावीकडं, नाल्याकडं वळवलं.

मी न राहवून म्हणालो, 'केरबाजी, वेस मोकळी आहे की.'

'मला न्हाई मोकळी, साहेब,' तो म्हणाला. 'ह्या सीटला हाय.'

मागं आबासाहेब काहीतरी बोलत होते, ते इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही. नाल्याची वाट आदल्या पावसानं ओली होती, बाभळी दोन्ही अंगांनी आत आलेल्या. ट्रॅक्टर त्यातून बरोब्बर गेलं. कुठं घासलं नाही, कुठं रुतलं नाही. मी सांगितलं होतं तसंच.